मित्राच्या घरचा रस्ता

साटम बाईंनी आम्हाला दोन वर्षं भूगोल शिकवला आणि खरं सांगायचं तर त्यातलं मला आता फारसं काही येत नाही. खारे वारे दिवसा वाहतात की रात्री, हे अजूनही पुस्तक उघडून बघावं लागतं. बाईंना हे कळलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. पुस्तकातलं पुस्तकात राहतं, ते काही पळून जात नाही, असं त्या परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा सांगायच्या. हेडमास्तरांना हे अजिबात पसंत नव्हतं. पण बाईंच्या विषयात आमचा निकाल दरवर्षी बरा लागायचा, त्यामुळे त्यांना बोलायला जागा उरायची नाही.

शाळा घाटकोपर पूर्वेची, मराठी माध्यमाची. बाई मुलुंडहून यायच्या. तिथे दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई राहत. नवरा फार आधी गेला होता, एवढंच आम्हाला माहीत होतं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं झपाझप की वऱ्हांड्यात त्यांच्याबरोबर चालताना आम्हा पोरांना पळावं लागे. मूळच्या मालवणच्या. वर्गात त्यांचं मराठी अगदी पुस्तकी असायचं, पण राग आला की सरळ मालवणीवर उतरायच्या, आणि मग वर्गातली कोकणातली पोरं माना खाली घालून हसायची.

त्यांची एक पद्धत होती, तशी मी दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाची पाहिली नाही. दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला त्या प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायच्या आणि सांगायच्या, शाळेपासून मित्राच्या घरापर्यंतचा नकाशा काढा. मुलींनी मैत्रिणीच्या घराचा. कोणीतरी हमखास विचारायचं, बाई, स्वतःच्या घराचा काढला तर चालेल का?

"स्वतःचं घर गाढवालाही सापडतं," बाई म्हणायच्या. "मित्राचं सापडतं का ते बघायचंय मला."

नियम कडक होते. उत्तर दिशा दाखवायची. अंतर पावलांत मोजून लिहायचं. वाटेत पाच खुणा हव्यात, आणि त्या जागच्या हलणाऱ्या नकोत. कुत्रा चालणार नाही, तो उद्या दुसरीकडे बसेल. पिठाची गिरणी चालेल, रेशनचं दुकान चालेल, औदुंबर चालेल. हे नकाशे जमा करून बाई आपल्या कपाटात ठेवायच्या, आणि आम्हाला वाटायचं झालं, सुटलो. तर तसं नसायचं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बाई त्यातला एखादा नकाशा हातात घेऊन निघायच्या. वाटेत कोणाला काही विचारायचं नाही, हा त्यांचा स्वतःला घातलेला नियम. नकाशा नेईल तिथे जायचं. बरोबर असला तर त्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभ्या राहत, आत बसत, अर्धा कप चहा घेत आणि परत फिरत. चुकला असला तर सोमवारी त्याचं वर्गात वाचन होई.

नववीत माझं झालं. मी वर्गातल्या एका मुलाच्या घराचा नकाशा काढला होता. बाईंनी तो फळ्यावर टाचणीने लावला आणि म्हणाल्या, याने मला बिल्डिंगपर्यंत नीट नेलं, पुढे मी तीन मजले दारं वाजवत फिरले. मग माझ्याकडे वळून विचारलं की तू त्याच्या घरी गेला आहेस का. मी म्हटलं, खूपदा.

"खाली उभा राहून हाक मारायला गेला असशील," बाई म्हणाल्या. "तुझ्या नकाशात जिनाच नाही."

खरं होतं ते. मी कधीच वर गेलो नव्हतो. वर्ग हसला, मीही हसलो, पण ते बोलणं कुठेतरी लागलं.

त्यांच्या मते पोरांच्या या वयात सगळ्यात जपायची गोष्ट अभ्यास नव्हती. बोलायला एखादं माणूस आहे की नाही, ही होती. पोरगं चौदा-पंधराचं झालं की ते आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच, त्या म्हणायच्या. मग सांगतं कोणाला? अंगात ताप असला तर आई कपाळाला हात लावून बघते. मन उतरलं की ते बघायला बरोबरीचंच कोणीतरी लागतं. आणि ते एकच पुरतं. पन्नास ओळखीची पोरं असून उपयोग नाही, हे त्या इतक्या वेळा सांगत की आम्ही त्यांच्या मागे त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचो.

मैत्रीच्या नावाखाली भलतंच काही चाललं असलं तर ते त्यांना लगेच दिसे. आमच्या वर्गात सुनंदा आणि ज्योती नावाच्या दोघी होत्या, सदा एकत्र. ज्योती सुनंदाचा गृहपाठ लिहायची, तिचा डबा धुवायची, सुनंदा दुसऱ्या कुणाशी बोलायला लागली की बाजूला होऊन उभी राहायची. बाईंनी एक दिवस दोघींचे बाक वेगळे केले. सुनंदाचे वडील शाळेत भांडायला आले, मुलींची मैत्री तोडता म्हणाले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की ही मैत्री नाही, ही नोकरी आहे, आणि तीही बिनपगारी. ज्योती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने वर्गात प्रश्न विचारला. चार वर्षांत आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला असेल.

वर्गात कोणी लागोपाठ तीन दिवस आलं नाही, तर ज्याने त्याच्या घराचा नकाशा काढला असेल त्याने वह्या घेऊन तिकडे जायचं, हाही बाईंचाच नियम. दुसऱ्या दिवशी त्या फक्त एक विचारायच्या, घरात शिरल्यावर समोर काय दिसलं? जो खरोखर गेलेला असे तो काहीही सांगे, शिवणाचं मशीन, आजी, पलंगाखालची मांजर. एवढ्यावर बाईंना पुरे व्हायचं.

आता शशीबद्दल सांगायला हवं, कारण बाईंची आठवण काढायची आणि शशीला टाळायचं हे मला जमत नाही.

शशिकांत परब आठवीत आमच्या शाळेत आला. वडील गिरणीत. उंच, काटकुळा, आणि असा बोलका की पहिल्या आठवड्यातच सगळा वर्ग त्याचा झाला. तो हेडमास्तरांची नक्कल करायचा, भांडणं मिटवायचा, कबड्डीत दोन्ही बाजूंना हवा असायचा. गणपतीच्या मखरापासून सहलीच्या वर्गणीपर्यंत शशीशिवाय पान हलत नसे. "शशी असला की झकास यार," असं सगळे म्हणायचे. माझ्या बाकावर तो माझ्या शेजारी बसायचा, आणि याचा मला इतका गर्व होता की मी तो लपवतही नव्हतो. आमच्या पंतनगरच्या घरी तो शेकडो वेळा आला असेल. आई पोह्यांचा डबा कुठे ठेवते हे त्याला माझ्याआधी माहीत झालं होतं. दहावीच्या जूनमध्ये त्याने माझ्या घराचा नकाशा काढला, त्यात दुसऱ्या मजल्यावरची फुटलेली पायरीसुद्धा दाखवली होती. बाई तो नकाशा घेऊन आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, या मुलाला तुमचं घर पाठ आहे. मी मात्र त्या वर्षी नववीचाच नकाशा जिना घालून पुन्हा दिला होता. कंटाळा, दुसरं काय.

ते गिरण्यांच्या संपाचं वर्ष होतं. आमच्या पंतनगरात त्याची झळ नव्हती, वडील सरकारी कचेरीत, पगार पहिल्या तारखेला. शशीच्या घरी काय चाललंय हे मी विचारलं नाही. तो हसत होता, म्हणजे ठीक असणार. दिवाळीच्या सुट्टीनंतरही तो तसाच हसत आला. जानेवारीच्या सुरुवातीला मात्र तो यायचा बंद झाला.

चौथ्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना वर बघितलं आणि विचारलं की शशीकडे वह्या कोण नेणार. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. मुलींचेसुद्धा. बाई हसल्या. एरवी त्या कपाटातून नकाशे काढून बघत, त्या दिवशी त्यांना गरज वाटली नाही. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता, म्हणून काम मला मिळालं.

संध्याकाळी मी वह्या घेऊन निघालो, रेल्वेचा पूल ओलांडला आणि पलीकडे पश्चिमेला उतरलो. तिथे तीन रस्ते फुटतात. त्या तिठ्यावर उभा असताना माझ्या लक्षात आलं की शशी कुठे राहतो ते मला माहीतच नाही. तो नेहमी पुलाच्या पायथ्याशी माझा निरोप घ्यायचा आणि "चल रे" म्हणून पलीकडे जायचा. पलीकडे, एवढंच. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बघावं, कुणाला विचारावं, हे सुचलं नाही असं नाही. पण तीन वर्षं ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलो त्याचं घर लोकांना विचारत फिरायचं, याची मला लाज वाटली. पाच-दहा मिनिटं थांबून मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, घरात शिरल्यावर समोर काय दिसलं?

"कॅलेंडर," मी म्हटलं.

"आणि शशी?"

"ताप आहे, बाई. येईल म्हणाला."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणून त्या हजेरीकडे वळल्या.

त्यानंतर रोज मी वर्गात जे शिकवतील ते शशीसाठी वेगळ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होतो. आकृत्यासुद्धा काढत होतो. ती वही माझ्याच दप्तरात राहायची. मैत्रीचं सगळं काम मी इमानेइतबारे केलं, फक्त मित्राकडे गेलो नाही. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते. दर सकाळी वाटायचं, आज तो येईल आणि आपण सुटू.

अठराव्या दिवशी प्रिलिम सुरू झाली आणि शशीची जागा रिकामीच राहिली. पेपर संपल्यावर बाई वर्गात आल्या, कपाट उघडलं, आमच्या नकाशांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकेक करून पसरायला लागल्या. आम्ही बघत होतो. सगळे लावून झाल्यावर त्या पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या. मग हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या की याच्या घराकडे जाणारा एकही नाही. शिपाई रजिस्टर घेऊन आला, त्यात पत्ता होता तो गिरणीजवळच्या जुन्या चाळीचा, आमच्या शाळेत येण्याआधी सोडलेल्या. बाईंनी विचारलं, शशीचं घर कोणी पाहिलंय? नुसतं पाहिलंय?

एकही हात वर झाला नाही. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. गेलोच नव्हतो, घर माहीत नव्हतं, ताप वगैरे सगळं खोटं. बाई मारतील असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ती वही घे. चल."

पुलापलीकडे उतरल्यावर बाईंनी आपला नियम मोडला. दिसेल त्याला विचारायला लागल्या. पिठाच्या गिरणीवाल्याला, रेशनच्या रांगेला, सायकलच्या दुकानात. उंच मुलगा, सोळा वर्षांचा, फार बोलका, सगळ्यांना हसवतो, असं वर्णन करून सांगायच्या. डोंगराच्या उतारावर वस्ती दाट होत गेली तसा माझा धीर सुटत गेला. कोणालाच असा मुलगा माहीत नव्हता. शेवटी सार्वजनिक नळावर एक बाई हंडा लावून उभी होती, तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. असा कोणी नाही इथे, म्हणाली. मग जरा थांबून बोलली, "एक पोर आसा, मामाबरोबर ऱ्हवता. पण तो कोणाशी बोलणा नाय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "खंय?" त्यांनी विचारलं.

तो शशीच होता. वर पत्र्याची एक खोली, दार उघडं, आणि शशी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलेला. दोरीवर शाळेचा शर्ट वाळून कडक झालेला. त्याने आमच्याकडे बघितलं आणि उठला, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी इतकी वर्षं ज्याला ओळखत होतो तो मुलगा या चेहऱ्यात कुठेच नव्हता. मला भीती वाटली.

बाई सरळ आत जाऊन जमिनीवर बसल्या. "जेवलंस काय रे?" त्यांनी विचारलं.

"भात."

"कशावांगडा?"

कशाबरोबर खाल्लास म्हणून विचारलं तसा तो दोरीवरच्या शर्टाकडे बघायला लागला. बाईंनी घाई केली नाही. त्या तशाच बसून राहिल्या आणि मग थोडं थोडं करून त्याच्याकडून कळत गेलं. दिवाळीत संपाला कंटाळून वडील सगळ्यांना घेऊन गावी गेले होते, कणकवलीकडे. शशी दहावीचा म्हणून मामाकडे राहिला. मामा विक्रोळीच्या कारखान्यात, दोन-दोन पाळ्या करायचा, घरी फक्त झोपायला यायचा. वडिलांचा निरोप होता की या वर्षी मॅट्रिक झाला नाहीस तर सरळ गावी ये, इथे बसून खाणारं तोंड नको. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. पहिल्या दिवशी शर्ट वाळला नाही म्हणून शाळा चुकली. दुसऱ्या दिवशी उठावंसंच वाटलं नाही.

"मग?" बाईंनी विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माका वाटला, कोणतरी येतलो."

शाळा सुटायच्या वेळेला तो रोज दारात बसून खालच्या पायवाटेकडे बघायचा. आठ-दहा दिवस बघितलं, मग बंद केलं, असं त्याने सांगितलं. ते त्याने इतक्या सहज सांगितलं की मला तिथे उभं राहवेना. माझ्या हातात ती वही होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, आणि अगदी चुकीचं बोललो. म्हटलं, तू कधी सांगितलंच नाहीस रे, कुठे राहतोस ते.

"तू कधी विचारलंस?" शशी म्हणाला. रागाने नाही. खरंच आठवून बघत असल्यासारखा.

बाईंनी मला वाचवलं नाही. निघताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून शशीला एवढंच सांगितलं की अजित उद्यापासून रोज येईल, बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. उतारावरून खाली येताना मला म्हणाल्या, वाट नीट बघत चल, सोमवारी मला याच्या घराचा नकाशा हवाय. पुलाजवळ आल्यावर आणखी एक सांगितलं, आणि ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

"त्याला हसवायला जाऊ नकोस. इतरांसाठी तो तेवढंच करत आलाय."

मी जायला लागलो. आई डब्यात काहीतरी द्यायची, मी वहीतला एखादा धडा वाचायचो, शशी पायवाटेकडे बघत बसायचा. पहिला आठवडा असाच गेला. एका संध्याकाळी मामा लवकर आला, मला बघून दचकला, आणि सगळं कळल्यावर भिंतीला पाठ लावून बसला. त्याला वाटत होतं परीक्षेची सुट्टी लागली आहे, पोरगं घरी बसून अभ्यास करतंय. खोलीत पुस्तक उघडं दिसायचं, मग त्याने काय समजायचं? बिचारा माझ्यासमोर शरमला. मी त्याहून जास्त.

एक दिवस शशी रडला. माझ्या वयाचा मुलगा असा रडताना मी पाहिला नव्हता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की उठून जावं, काहीच कळेना, म्हणून मी पत्र्याकडे बघत तसाच बसून राहिलो. मग तो बोलायला लागला. घरी सगळे कायम रडकुंडीला आलेले असायचे, म्हणून शाळेत हसायचं ठरवलं होतं, म्हणाला. आणि एकदा तसं झालं की मग कोणाला दुसरं काही सांगताच येत नाही, सगळे वाटच बघत असतात तू कधी हसवतोस त्याची. दमलो रे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं की तू काय केलंस. मी म्हटलं, काही नाही, बसलो होतो.

"झालं तर," बाई म्हणाल्या.

मार्चची परीक्षा त्याला झेपणार नाही हे दिसत होतं. बाईंनी त्याच्या वडिलांना पत्र लिहिलं, ते मी पाहिलं नाही, पण मामाने एकदा सांगितलं की ते मालवणीत होतं. ऑक्टोबरला बसवू, तोवर मुलाला इथेच राहू द्या, असा त्याचा मतलब. वडील कबूल झाले. सहा-सात महिने शशी बाईंकडे शनिवारी मुलुंडला जायचा, इतर दिवशी मी त्याच्याकडे जायचो. मी अकरावीत गेलो, कॉलेज सुरू झालं, तरी जायचो. उपकार म्हणून नाही. मला तिथे बरं वाटायचं. मलाही सांगण्यासारखं बरंच काही होतं, ते मला त्याआधी माहीत नव्हतं. शशी मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. जुने सोबती कुठे भेटले की म्हणायचे, शशी बदलला यार, पहिली मजा नाही राहिली. ते ऐकून तो नुसता बघायचा.

बाईही बदलल्या. पुढच्या जूनमध्ये त्यांनी नकाशे काढून घेतले, पण त्या शनिवारी एकही नकाशा घेऊन त्या बाहेर पडल्या नाहीत. शाळा सुटल्यावर सभागृहाच्या जमिनीवर सगळे कागद पसरून गुडघ्यांवर बसून त्या यादीतलं एकेक नाव बघत होत्या, कोणाच्या घराकडे रस्ता येत नाही ते. तीन मुलं निघाली म्हणे. त्या तिघांच्या घरी बाई त्याच आठवड्यात स्वतः जाऊन आल्या. हे मला एका खालच्या वर्गातल्या मुलाने सांगितलं. त्याला तो बाईंचा विक्षिप्तपणा वाटत होता.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं केंद्र एका दुसऱ्याच शाळेत होतं. पहिल्या पेपरला मी कॉलेज बुडवून गेलो. बाई आधीच फाटकाशी उभ्या होत्या. शशीने बाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, बाईंनी त्याला आत ढकललं. फाटक बंद झालं. मी निघणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. तुला एक सांगायचंय. ज्या दिवशी तू खोटं बोललास त्याच दिवशी मला ते कळलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"घरात काय दिसलं म्हणून विचारलं तर कोणी असं घाईने उत्तर देत नाही," त्या म्हणाल्या. "कळलं होतं मला. त्या आठवड्यात सासूबाईंना बरं नव्हतं, हे खरं आहे. पण पुढचे सगळेच दिवस बरं नव्हतं असं काही नाही. मी म्हटलं, एवढा सगळा वर्ग त्याच्या बाजूने आहे, हसरं पोरगं आहे, उद्या बघू. रोज म्हटलं, उद्या बघू."

मी बंद फाटकाकडे बघत राहिलो.

"तू ते एकट्याच्या माथ्यावर घेऊन फिरतोस, ते मला दिसतं. तसं करू नकोस. त्यातलं निम्मं माझं आहे. जास्तच असेल, मी मोठी होते."

एवढं बोलून त्या शाळेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला कॉलेजला जायला सांगितलं, मी गेलो नाही. रखवालदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत. तीन तास त्या बंद फाटकासमोर उभ्या होत्या. त्या वयाच्या बाईला एवढा वेळ उभं राहणं सोपं नव्हतं, मधूनमधून त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. मी थोड्या अंतरावर कट्ट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होतो, आणि गेले नऊ महिने छातीवर होतं ते ओझं हलकं व्हायच्या ऐवजी मला बाईंची फार दया येत होती.

घंटा झाली. मुलं बाहेर पडायला लागली. बाई टाचा उंच करून बघत होत्या. बऱ्याच वेळाने शशी दिसला. त्याच्याबरोबर एक मुलगा होता, आमच्या ओळखीचा नव्हता, बारका, चष्मेवाला, प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून काहीतरी तावातावाने सांगत होता. शशी मान वाकवून ऐकत होता. मग शशीने त्याला काही विचारलं, आणि त्या मुलाने हात लांब करून रस्त्याच्या दिशेने, वळणाकडे, त्यापलीकडे दाखवायला सुरुवात केली, तसे दोघे त्या बाजूला चालायला लागले. शशीने आमच्याकडे बघितलंच नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं. बाईंनी माझं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "जाऊ दे त्याला."

दोघं वळणाआड जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मग डोळे पदराने पुसले, घड्याळात बघितलं, सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून मुलुंडच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन मालवणला गेल्या. मला त्या पुन्हा दिसल्या नाहीत.